आठ नंबरचा पाहुणा

राजुरा,
६ ऑक्टोबर २०२४

बेटा दिव्यानी,
अनेक आशीर्वाद.

माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर एक कप ठेवला आहे. दोन कानांचा, खाली 'विजेता' लिहिलेलं. लोक विचारतात, बशीरभाई, कितीले पडला? मी सांगतो, फुकटात, जिंकून आणला. ते खोटं आहे. त्याची खरी किंमत अशी: माझा बसलेला घसा, आमच्या गुड्डीचा ईदेपर्यंतचा अबोला आणि एका माणसाचा उजवा गुडघा. घसा आठ दिवसांत सुटला. गुड्डी ईदेच्या सकाळी शीरखुर्मा देताना बोलली. गुडघ्याचं काय झालं ते मले अजून माहीत नाई, म्हणून हे पत्र.

तू म्हणशील, चाचा, फोन काऊन नाई केला? माझ्या फोनले दुकानातल्या पोरांचे कान लागलेले असतात. आणि फोनवर समोरच्याचा श्वाससुद्धा मले ऐकू येते, मग मी त्याले बोलूच देत नाई. तुझा बाप गुणवंतराव नेहमी म्हणते, बशीरच्या कानापुढं वकील हारते. त्यापेक्षा कागद बरा. त्यानंच तुझा पत्ता दिला आणि सांगितलं, पोरगी इटलीत पादोव्यात शेतीचं मोठं शिक्षण घेऊन राह्यली. मी नकाशा पाहिला. मोंतेरीवो नावाचं गाव तिथून बसनं तासाभरावर आहे. तिथं माझा माणूस आहे.

त्याचं नाव इवानो. आपण सगळे इवानभाऊ म्हणत होतो. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात मोठं चक्र बसवायले त्याची कंपनी आली होती, तेव्हा तो माझ्या गोडाऊनच्या वरच्या खोलीत राहत होता. रोज संध्याकाळी ग्राउंडवर आपल्या पोरांसंगं फुटबॉल खेळे. पहिल्याच दिवशी त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "मी छोट्या लीगचा खेळाडू. मधल्या जागेवरचा. चौतीस वर्षांचा." आता हे माझ्या माईकमधून गेलं की काय होणार? "राजुऱ्याच्या मैदानात प्रथमच, इटलीचा इंटरनॅशनल!" तो हात हलवून नाई नाई म्हणत होता. पब्लिकले वाटलं, अभिवादन करते.

आपल्या छब्बीस जानेवारीच्या टुर्नामेंटचा रिवाज तुले माहीत आहे. प्रत्येक टीमले एक पाहुणा खेळाडू घेता येते. बल्लारपूरवाले नागपूरचा आणतात. मी इटलीचा आणला!

फायनल दुपारी होती. त्याआधी गावजेवण. जेवून तो उठला आणि त्याच्या गुडघ्यातून आवाज आला. बारीक. 'कट्'. बेटा, मी मंडपवाला आहे. खांब उभा करायच्या आधी प्रत्येक बांबू जमिनीवर आपटून ऐकतो. जो बांबू मोडणार असते, तो आधी बोलते. तो आवाज मी चाळीस वर्षं ऐकत आलो आहे. गुड्डीले ऐकू आलं नाई, पण तिनं त्याचं चालणं पाहिलं. "अब्बा, ते लंगडून राह्यले. नका खेळवू." मी म्हटलं, "पायाले मुंग्या आल्या असतील, तू जा." इवानभाऊनं अंगठा दाखवला. मी तो अंगठा पाहिला आणि कान बंद केले.

तो पूर्ण मॅच खेळला. एका जागी उभा राहून असे बॉल सोडले की आपला प्रणित आंधळ्यावाणी धावला तरी बॉल त्याच्या पायाशीच येई. मी माईकवर ओरडत होतो, "पहा, इटलीचा खेळ! माणूस नाई धावत, बॉल धावते!" एक शून्यनं जिंकलो.

जाताना तो म्हणाला, ऑगस्टपासून त्याच्या गावच्या क्लबात त्याचं शेवटचं वर्ष आहे. ज्या ग्राउंडवर लहानपणी खेळला, तिथंच कॅप्टन म्हणून, आठ नंबरची जर्सी घालून. जर्सीतला फोटो पाठवतो म्हणाला. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. माझ्या मेसेजले दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाई.

सायकलच्या कॅरिअरवर आठ खुर्च्या बांधून मी हा धंदा सुरू केला. आज सावली गावापासून कोरपन्यापर्यंत कुठीही लग्न असो, खुर्ची बशीरची असते. माझ्या मंडपात आलेल्या माणसाची कधी गैरसोय झाली नाई. आणि हा एक पाहुणा मी लंगडत घरी पाठवला. तू एखाद्या रविवारी जा. तो खेळते का, एवढंच पाहून सांग.

तुझा,
बशीर चाचा

—

पादोव्हा,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय बशीर चाचा,
सलाम.

तुमचं पत्र बावीस दिवसांनी आलं, आणि पाकिटाला अजून दुकानातल्या अगरबत्तीचा वास होता. वसतिगृहातल्या मुली विचारत होत्या, हे काय? मी म्हटलं, राजुरा.

आज मोंतेरीवोला जाऊन आले. गाव आपल्या गडचांदुराएवढंही नाही. एक चर्च, एक बेकरी, एक फुटबॉलचं मैदान. सकाळभर पाऊस होता, तरी छत्र्या घेऊन लोक आले होते. तिकीट फाडणारा आणि कॉफी विकणारा म्हातारा एकच, आल्दो नावाचा. मी इवानोचं नाव घेतल्यावर त्यानं कॉफीचे पैसेच घेतले नाहीत.

त्यानं जे सांगितलं ते तुम्हाला आवडेल. इवानो एकोणीस वर्षांचा असताना देशात वरून चौथ्या पायरीच्या लीगमध्ये खेळत होता. पगार, टीमची बस, पेपरात नाव. दीड वर्षात त्या क्लबाचं दिवाळं निघालं. सकाळी सरावाला गेले तर दाराला सील, आणि याचे बूट आत. मग पाचवी पायरी, मग सहावी. तिथं पगारावर पोट भरत नाही. दिवसा लेथ मशीनवर काम, रात्री दिव्याखाली सराव, रविवारी मॅच. पंधरा वर्षांत आठ गावांचे शर्ट घातले त्यानं. मी विचारलं, गोल किती केले? आल्दोनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आपल्या गल्लीतल्या शकुबाईंना त्यांचं वय विचारलं. म्हणाला, "पोरी, मधल्या माणसाचे गोल मोजत नाहीत. तो नसतो त्या दिवशी काय होतं, ते बघतात."

इवानो मैदानावरच होता. सगळ्यांच्या आधी आलेला. लोक कठड्यावरून त्याला नावानं हाका मारत होते, तो हात वर करत होता. केस थोडे पिकलेत. बूट पांढरे झाले होते. मी राजुऱ्याची म्हटल्यावर त्यानं एकदम विचारलं, "बशीर कसा आहे? गुड्डी? प्रणित डाव्या पायानं मारायला शिकला का?" मग म्हणाला, "बशीरला सांग, मी त्याला विसरलो नाही."

बाबांना सांगा, थंडी सोसते आहे. कोटाची काळजी करू नका.

तुमची,
दिव्यानी

—

राजुरा,
१५ डिसेंबर २०२४

बेटा दिव्यानी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुकानातल्या सगळ्यांले जिलेबी वाटली. अख्तरीनं, तुझ्या चाचीनं, विचारलं, "काय झालं, गुड्डीचं जमलं का?" म्हटलं, "त्याहून मोठं. इवानभाऊ मैदानात आहे."

लगेच बॅनर छापायले टाकला. बसस्टँडच्या कोपऱ्यावर दहा बाय वीस. 'राजुऱ्याचा पाहुणा, आजही इटलीच्या मैदानात!' त्याचा कपवाला फोटो, खाली बारक्या अक्षरात आयोजक बशीर मंडप डेकोरेशन. बल्लारपूरवाले पाहून जळले पाहिजेत.

खरं सांगू, छातीवरचा दगड उतरला. मी अख्तरीले म्हटलं, पाहा, इतक्या मोठ्या देशातला माणूस पहिले माझं नाव विचारते. काऊन नाई विचारणार? त्या दिवशी आपण त्याले जो मान दिला, तो त्याले जन्मात कोणी दिला नसेल. तू नव्हतीस, म्हणून सांगतो. आजकाल सगळीकडे बुफे झाला, ताट घेऊन फिरा भिकाऱ्यावाणी. मी म्हटलं, नाई, इवानभाऊसाठी पंगत. जुन्या पद्धतीची. पळसाच्या पत्रावळी, बसायले सागवानी पाट, समोर रांगोळी. तो आधी उभाच होता, मागं मागं पाहत होता. मले वाटलं लाजते. मी हात धरून बसवलं, मांडी कशी घालायची ते दाखवलं. त्यानं घातली! दोनशे माणूस त्याच्या पहिल्या घासासाठी थांबलं होतं. वांगं-आलूची भाजी, वरण-भात, बुंदी. मी स्वतः समोर बसून वाढलं. तो हात आडवा करे, मी म्हणे, "एक इवानभाऊच्या आईच्या नावानं." मग म्हणे, "एक राजुऱ्याच्या नावानं." शेवटचा माणूस हात धुवायले उठेपर्यंत पाहुण्यानं उठायचं नाई, हा आपला कायदा. तासभराच्या वर बसवलं त्याले. हसत होता बिचारा, डोळ्यात पाणी आलं त्याच्या! असा मान पैसे देऊन मिळत नाई.

बाकी सगळं ठीक. फक्त एक विचारायचं होतं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बांबूवाणी आपटून पाहिलं म्हण. एका जागी पोकळ वाजते. तू लिहिलं, सकाळभर पाऊस होता. मग मैदान चिखलाचं असणार. चिखलात खेळणाऱ्याचे बूट पांढरे कसे?

तिकडची माती वेगळी असेल. तरी लिही. आणि जर्सीचा नंबर आठच होता ना, तेवढं लिही. बॅनरवर टाकायचं आहे.

बशीर चाचा

—

राजुरा,
२७ जानेवारी २०२५

बेटा,

तुझं उत्तर आलं नाई. पोस्ट उशिरा येते, मान्य. पण तू परवा बापाले फोन केला, गुड्डीशी अर्धा तास बोललीस, आणि चाचासाठी निरोप नाई. गुड्डीले मी विचारलं, "इवानभाऊचं काही?" ती म्हणाली, "काही नाई, अब्बा." माझे कान आहेत, बेटा. 'काही नाई' म्हणताना तिनं आधी श्वास घेतला.

काल फायनल होती. सकाळी मी लाऊडस्पीकर बांधायले ग्राउंडवर गेलो. प्रणित फक्की मारून राह्यला होता. बादलीत चुन्याची पांढरी पूड, हातात डबा, आणि तो वाकून रेषा ओढत चालला होता. मी त्याच्याशी चहाचं बोलत होतो. बोलता बोलता खाली पाहिलं. त्याचे बूट पांढरे झाले होते.

मी तिथंच बसलो. प्रणित म्हणाला, "काय झालं, भाऊ? पाणी आणू?" म्हटलं, "नाई. तुझं चालू दे."

म्हणजे सगळ्यांच्या आधी मैदानावर आलेला तो यासाठी. लोक नावानं हाका मारतात ते यासाठी. दुसऱ्यांनी खेळावं म्हणून तो रेषा मारते.

दुपारी माईक माझ्या हातात दिला. समोर हजार माणूस, वर बॅनर, 'आजही इटलीच्या मैदानात'. खोटं तरी कसं म्हणणार, मैदानात तर आहेच! मले 'हॅलो' म्हणवेना. बल्लारपूरचा एक जण ओरडला, "काय बशीरभाई, इंटरनॅशनल कुठी आहे?" सगळे हसले. दरसाल असं कोणी बोललं तर मी त्याची टोपी उडवली असती. काल मी माईक कमिटीतल्या धम्मदीपच्या हातात देऊन घरी आलो. कमिटीले कळवलं आहे, पुढच्या वर्षीपासून टुर्नामेंट दुसऱ्यानं करावी. ज्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, त्यानं दुसऱ्यांले ऐकवायचं काम करू नाई.

संध्याकाळी बॅनर उतरवायले गेलो तर गुड्डी आधीच शिडी घेऊन आली होती. एक टोक तिनं धरलं, एक मी.

मी त्याले फायनलमध्ये उभं केलं. ती एक मॅच नसती तर आज तो आठ नंबर घालून खेळत असता. तू लपवलं याचा मले राग नाई. पण आता सगळं लिही.

बशीर

—

पादोव्हा,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय चाचा,

माफ करा. तुमचं डिसेंबरचं पत्र उशिरानं का होईना, आलं होतं. उत्तर तीनदा लिहून फाडलं. इवानोनंच मला शपथ घातली होती. "बशीरला कळू देऊ नकोस," म्हणाला. "त्यानं मला स्वतःच्या हातानं वाढलं आहे." तुमच्या मेसेजना तो उत्तर देत नव्हता ते याचसाठी. जर्सीतला फोटो कबूल केला होता, आणि जर्सी नव्हती.

पण तुम्ही माईक ठेवलात हे गुड्डीनं सांगितल्यावर मी पुन्हा मोंतेरीवोला गेले. त्याला म्हटलं, आता शपथ मोड, तिकडे एक माणूस झिजतो आहे. त्यानं रेषा मारायचं यंत्र बाजूला लावलं, आम्ही कठड्यावर बसलो आणि त्यानं सगळं सांगितलं. मी आनंदानं लिहिते आहे, कारण यात तुमच्यासाठी चांगली बातमी आहे.

गेल्या मार्चमध्ये त्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चालशील, जिना चढशील, खेळणार नाहीस. क्लबानं आठ नंबर एका एकवीस वर्षांच्या पोराला दिला. हा मैदान सांभाळतो, बुधवारी लहान मुलांना शिकवतो. दिवसा लेथ आहेच. "वाईट वाटतं का?" मी विचारलं. म्हणाला, "रविवारी अडीच ते सव्वाचारपर्यंत वाटतं."

आता ऐका. मी त्याला सांगितलं, की बशीर चाचांनी तो आवाज ऐकला होता आणि तरी तुला फायनलमध्ये उतरवलं, याची त्यांना बोचणी लागली आहे. तो आधी समजेचना. मग हसला, मोठ्यानं. म्हणाला, "बशीरला सांग, मॅचचा काही दोष नाही. मॅचच्या आधीच सगळं संपलं होतं."

चाचा, त्या गुडघ्याचं एक ऑपरेशन तरुणपणी झालेलं होतं. तो धावू शकत होता, लाथ मारू शकत होता. फक्त मांडी घालायला डॉक्टरांनी बंदी केली होती. पंगतीत बसल्यावर थोड्याच वेळात पाय आतून अडकला. उठावं असं त्याला वाटत होतं, पण दोनशे माणसं त्याच्याकडे पाहत होती आणि समोर तुम्ही वाढत होता. "माझ्या आईच्या नावानं वाढत होता," तो म्हणाला, "कसा उठू?" शेवटी उठला तेव्हा आतली गादी फाटली. तुम्ही ऐकलात तो आवाज त्याचाच. तो मोडण्याआधीचा नव्हता, मोडतानाचा होता. नंतर मॅचमध्ये तो एका जागी उभा राहिला, कारण त्याला पाऊलच टाकता येत नव्हतं. "बॉल धावतो, माणूस धावत नाही" हे तुम्ही माईकवर म्हणालात ते कोणीतरी त्याला समजावून सांगितलं होतं. अजून इथल्या मुलांना तो तेच शिकवतो.

तेव्हा चाचा, तुम्ही ऐकून दुर्लक्ष केलं आणि म्हणून त्याचं नुकसान झालं, हे मनातून काढून टाका. तुम्ही त्याला खेळू दिलं नसतं तरी आठ नंबर गेलाच होता. उलट तो म्हणतो, शेवटची मॅच राजुऱ्यात झाली आणि जिंकली, हे बरं झालं. कप तुमच्याच गल्ल्यावर राहू द्या म्हणाला.

आता माईक परत घ्याल ना?

तुमची,
दिव्यानी

—

राजुरा,
२० मार्च २०२५

बेटा दिव्यानी,

पत्र पोचलं. रोजे चालू आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो.

तू मोठ्या मनानं लिहिलंस. माझं ओझं उतरवायले लिहिलंस, ते कळलं. इवानभाऊले माझा सलाम सांग. त्याच्या आईच्या नावानं वाढलं, त्या आईलेही सांग. त्याचं 'अडीच ते सव्वाचार' मी गुड्डीले वाचून दाखवलं. ती उठून आत गेली.

माईक मी घेणार नाई. कमिटी दोनदा येऊन गेली, प्रणित तर पाया पडला. त्याले म्हटलं, "बाबा, तुले वाटते मी रुसलो. मी रुसलो नाई. माझे कान चांगले आहेत, हे मी चाळीस वर्षं सांगत फिरलो. ते बरोबरच आहेत. माणूस बोलण्याआधीचा श्वास मले ऐकू येते. पण समोर बसलेला पाहुणा तासभर जे बोलला नाई, ते आलं नाई." प्रणितले काही समजलं नाई. तो म्हणाला, "भाऊ, मग निदान मंडप तरी तुमचाच ठेवा." म्हटलं, तो ठेवतो.

काल सागवानी पाट बाहेर काढले आणि गोडाऊनमध्ये मागं टाकले. विकले नाईत. ठेवायले जागा करताना तो वर्षापूर्वीचा दिवस सगळा आठवला. पंगत कुठी मांडली होती, रांगोळी कुठी होती, तो कुठी उभा होता आणि बसायच्या आधी मागं मागं काय पाहत होता. तेव्हा मले वाटलं होतं, लाजते.

त्याच्या पाठीमागं, भिंतीशी, माझ्याच मंडपाच्या तीनशे खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या.

बशीर